तीन हिरव्या नळ्या

५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा कुरकुरतो पण चालतो, माझ्यासारखाच. तुझी भावजय मजेत आहे. दिवसातून चारदा मला तुझं नाव घेऊन दटावते, त्यामुळे तुझी उणीव भासत नाही.

मोठी बातमी अशी, की गावाबाहेरच्या माळावरचा कारखाना उभा राहिला. मक्याची ताटं, गव्हाचं काड, जे लोक इतके दिवस जाळून टाकायचे, त्याचं इथेनॉल करून पेट्रोलमध्ये मिसळणार. परवा मला बोलावून दाखवला. तीन मजली टाक्या! एकीत काड शिजवतात, दुसरीत बुरशीचा रस घालून त्याची साखर करतात, तिसरीत यीस्ट त्या साखरेचा मद्यार्क करतं. बावीस वर्षांपूर्वी आम्ही हेच काचेच्या बरणीत करत होतो. पण यांचा रस बाहेरून येतो, आणि त्याला उष्णता सोसत नाही. टाकी गार ठेवता ठेवता नाकी नऊ येतात. आमची बुरशी उकाड्यात दुप्पट जोमाने खायची. ती असती तर निम्मी यंत्रं लागलीच नसती, असं तिथला तरुण अभियंता म्हणाला.

आमच्या संस्थेला पन्नास वर्षं होताहेत. स्मरणग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागितलाय. ती बुरशी कशी सापडली आणि कोणाच्या निष्काळजीपणामुळे गेली, दोन्ही लिहिलंय. मसुदा सोबत आहे. शुद्धलेखन तेवढं तपास. सिस्टरांच्या शाळेत इंग्रजीत शिकून माझं मराठी सुधारणारी तू जगात एकटीच.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे. लाल शाई मात्र बेताने वापर.

तुझा
धाकटा


१२ जानेवारी

चि. बुरशीमहाराज यांस,
अनेक आशीर्वाद.

लेख वाचला. ऱ्हस्व-दीर्घाचं आणि तुझं जन्माचं वैर आहे, ते पन्नास वर्षांत मिटलेलं नाही. पण लिहिलंयस छान. संस्थेमागच्या कुजलेल्या ताटांच्या ढिगात तू गुडघाभर शिरलास तो भाग वाचताना हसू आलं. तुझ्या त्या बुटांचा वास माझ्या नाकातून आठवडाभर गेला नव्हता. तुझे मेहुणे ठीक आहेत. झाडांना पाणी घालतात आणि त्याहून जास्त स्वतःच्या पायांवर घेतात.

एक मागणं आहे. शेवटचं पान काढून टाक. नाव लिहिलेलं नसलं तरी ‘त्या वेळची मदतनीस मुलगी’ म्हटल्यावर संस्थेतलं कोणीही ओळखेल. तेव्हा ती पंचविशीची होती, आता तिची मुलं हे वाचतील. लेखाला त्या पानाची गरजही नाही. गेलं ते गेलं.

ती कुठे असते आता, तुला काही ठाऊक आहे का?

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई


१९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या दुरुस्त्या सगळ्या मान्य. शेवटचं पान मात्र राहणार.

तू मऊ मनाची, तुला कोणाचंही वाईट वाटतं. पण काय झालं ते आठव. संस्थेचं शीतकपाट बिघडलं, म्हणून तिने निवडक नळ्या पत्र्याच्या डब्यात भरल्या आणि मी तो डबा आठ दिवस तुझ्या फ्रीजमध्ये आणून ठेवला. कपाटातलं सगळं मेलं. डबा परत नेला, उघडला, तर बाकी नळ्या होत्या आणि नेमक्या त्या बुरशीच्या तीन नाहीत! डबा तुझ्याकडे कोणी उघडला नव्हता, हे मी तुला विचारूनच घेतलं होतं. मग तिने भरल्याच नव्हत्या, दुसरं काय? भरल्या होत्या, एवढा एकच धोशा तिने लावला. एकदा ‘चुकले’ म्हणाली असती तर मी तिच्याविरुद्ध लिहून दिलं नसतं आणि तिची नोकरीही गेली नसती. त्यानंतर सहा वर्षं मी तो ढीग उपसत होतो, ताई. तशी बुरशी पुन्हा मिळाली नाही.

ती आता शहराच्या टोकाला रोपवाटिका चालवते म्हणे. लेख महिनाअखेर छापायला जाईल.

रागावू नकोस, नेहमीसारखंच जवळ धर.

तुझा
धाकटा


२३ जानेवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच.

डबा मी उघडला होता.

जाऊबाई राहायला येणार होत्या. त्यांची नजर तुला माहीत आहे, आल्या आल्या फ्रीज उघडून बघायच्या. म्हणून सगळं काढून पुसायला घेतलं. तुझ्या डब्यातल्या बाकीच्या नळ्यांत पांढरं कापसासारखं काहीतरी होतं, ते औषध असेल असं वाटलं. या तीन मात्र हिरव्यागार, नासलेल्या दिसल्या. शाळेत दर शनिवारी सिस्टर आमची नखं आणि बाकं तपासायच्या. हिरवं दिसलं की घासायचं, हे हातात भिनलेलं. उकळतं पाणी ओतलं, साबणाने घासल्या आणि चकचकीत करून खिडकीत वाळत ठेवल्या. तुला कौतुकाने देणार होते.

मी बाजारात गेले होते तेव्हा तू येऊन यांच्याकडून डबा घेऊन गेलास. दुसऱ्या दिवशी आलास तो पांढराफटक होऊन. डबा कोणी उघडला होता का, असं विचारलंस. नळ्या तुझ्या पाठीमागे, खिडकीत होत्या. मी नाही म्हटलं. तू वळायच्या आत त्यांवर फडकं टाकलं.

दोन दिवसांनी सांगू म्हटलं. मग वाटलं, तुला दुसरी सापडेल आणि सांगायची वेळच येणार नाही. त्या मुलीला काढल्याचं तू दीड महिन्याने सहज बोलता बोलता सांगितलंस, तोवर माझं तोंड शिवल्यासारखं झालं होतं. तू ढीग उपसायला जायचास, मी तुझ्याबरोबर थर्मासमध्ये चहा भरून द्यायचे. सहा वर्षं.

तू मला काय म्हणायचं ते म्हण. त्या पानावर मात्र माझं नाव घाल आणि तिच्याकडे जा. मी आधी गेले तर ती दारही उघडणार नाही आणि ते बरोबरच होईल.

अभागी
ताई


८ फेब्रुवारी

ताई,

इतके दिवस लिहिलं नाही. लिहिलं असतं तर नंतर एकमेकांना तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

शेवटचं पान बदललं. डबा माझ्या घरच्या माणसाकडून उघडला गेला आणि चौकशी न करता मी निरपराध सहकाऱ्यावर ठपका ठेवला, असं लिहिलं. तुझं नाव घातलं नाही. तिच्याविरुद्धच्या कागदावर सही माझी होती.

काल तिच्याकडे गेलो. केस पिकलेत. चष्मा तसाच जाड. मला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः पिशव्यांत माती भरत राहिली. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, की पहिली दोन-तीन वर्षं आपण नळ्या भरल्याच होत्या अशी तिची खात्री होती. पण सगळेच उलट म्हणत होते, मग तीही डळमळली. आता तर तिला आठवतं म्हणे, नळ्या टेबलावरच राहिल्या आणि ती दिवा मालवून घरी गेली. ते टेबल, तो दिवा तिला लख्ख दिसतो. जे कधी घडलंच नाही ते, ताई! ते आपण दोघांनी मिळून तिच्या डोक्यात घातलं.

तिला वाटतं, म्हातारपणी पुण्य जोडावं म्हणून मी ही गोष्ट रचून आणली. निघताना तिने एक सांगितलं. त्या तीन नळ्यांवर माझ्या आकड्याखाली तिने स्वतः काही लिहिलं होतं. मी ओरडेन म्हणून कधी कोणाला बोलली नाही. तुझ्या हातात त्या खरंच आल्या असतील तर ते तू वाचलं असशील. ते काय होतं, तू तुझ्या हाताने तिला लिहून पाठवायचं, माझ्यामार्फत नाही. पत्ता मागे लिहिला आहे.

लोभाचं अवघड झालंय. तूर्त एवढंच.

धाकटा


११ फेब्रुवारी

नमस्कार.

आपण कधी भेटलो नाही. मी तुमच्या सरांची मोठी बहीण.

त्या तीन नळ्या डब्याच्या उजव्या कोपऱ्यात होत्या. तोंडाला कापसाचा बोळा, वर कागद आणि त्यावर दोऱ्याची दुहेरी गाठ. ती सोडवताना मला दात लावावे लागले. आत हिरवा थर, काचेपाशी पिवळसर. बोळा काढल्यावर खवट खोबऱ्यासारखा वास आला.

आकड्यांखाली पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात, पहिलीवर ‘खादाड’ लिहिलं होतं, दुसरीवर ‘अति खादाड’ आणि तिसरीवर ‘बकासुर’. मी मोठ्याने हसले होते.

सगळं खरं लिहायचं ठरवलंय, म्हणून हेही लिहिते. थट्टेतली नावं पाहून या नळ्या काही महत्त्वाच्या नसाव्यात, असं मला वाटलं. यात तुमचा तीळभर दोष नाही. उलट, इतक्या लाडाने नाव ठेवलेली वस्तू कोणी मागे विसरून जाईल का, एवढं मला दुसऱ्याच दिवशी सुचायला हवं होतं. सुचलंही होतं. मी गप्प बसले.

नळ्यांवर चिकटवलेल्या त्या चिठ्ठ्या गरम पाण्याने सुटेनात, नखाने खरवडून काढल्या. बकासुराची सगळ्यांत शेवटी निघाली.

क्षमा मागायला मी तुमच्या दारी येऊ का, हे तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तरी मला ते समजेल. लोभ मागायचं तोंड मला नाही. हे पत्र मात्र ठेवा आणि कोणालाही दाखवा. मुलांना नक्की दाखवा.

तुम्ही सगळं नीट भरलं होतं. दिवा मालवलात तेव्हा टेबल रिकामं होतं.

तुमची अपराधी
सरांची ताई