नोकरीची रंगीत तालीम

बारामती

तीर्थरूप द्वारकाआत्या,

पाया पडते. गुडघा कसा आहे? ("बरा आहे" असं लिहू नकोस, खरं लिही.) लासुर्ण्यात उसाला पाणी आलं का?

आधी एक दुरुस्ती. लिहिलेलं चुकलं तर दुरुस्ती सगळ्यांत वर लिहायची, हे तूच मला चुलीपुढं बसवून शिकवलंस. मागच्या पत्रात मी लिहिलं, की रक्त तपासायच्या लॅबमधल्या माझ्या नोकरीला घरातून विरोध आहे. ते चूक. विरोध कुणाचाच नाही. आबांनी (म्हणजे सासऱ्यांनी) तर गल्लीत पेढे वाटले. सासूबाई म्हणाल्या, "कर की नोकरी, कोण न्हाय म्हणतंय? फक्त बाराला छकुलीला बालवाडीतनं आणत जा. मी काय परत पहिल्यापासनं सुरू करायची न्हाय." वेळ नऊ ते सहा आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग साहेबाला सांग, लेकरू हाय म्हणून." ह्यांचाही पूर्ण पाठिंबा आहे. तो ते सोफ्यावरून देतात.

शेवटी आबांनी तोडगा काढला: एक दिवस खोटंखोटं कामावर जायचं आणि घर चालतं का बघायचं. आता खोट्या कामावर जायचं कुठं? मी डबा घेऊन एस.टी. स्टँडवर जाऊन बसले. (नऊच्या आधीच. पहिल्याच दिवशी उशीर नको.) तिथं सासूबाईंच्या चुलतबहीण, कन्हेरीच्या ठमाबाई भेटल्या. "का गं, भांडून निघालीस व्हय?" मी खरं तेच सांगितलं, की मी कामावर आहे. त्यांनी स्टँडभर नजर फिरवली, मला दोन केळी घेऊन दिली आणि स्वतःची गाडी सोडून माझी समजूत काढत बसल्या.

घरून फोन चालूच. चहापूड कुठं? गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा? दुपारी हे छकुलीला घेऊन स्टँडवर हजर. "हिला जरा धर, अर्ध्या तासात आलो." ठमाबाईंनी हात जोडले, "बाबा, पोरीकडं बघून तरी ने हिला घरी!" पण हे घाईत होते. आले ते पाचला.

संध्याकाळी आबांनी निकाल दिला, "बघा, काय अडलं का? तालीम पास!" दोन्ही वेळचा स्वयंपाक मी पहाटेच करून ठेवला होता आणि छकुली दुपारपासून माझ्या मांडीवर होती, एवढं सोडलं तर खरंच काही अडलं नाही.

लॅबवाले मात्र आता थांबणार नाहीत. ठरल्या दिवशी गेले नाही, तर जागा दुसरीला देतील.

तुझी,
राजलक्ष्मी

ता. क. : "छकुलीला सांभाळायला तू ये" असंही मी लिहिलं होतं. तीही चूकच. तुझी खोली आवरून झाली आहे, सगळे खूश आहेत. आत्या, कृपा करून येऊ नकोस. तू आलीस की सगळं सुरळीत चालेल, आणि गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा हे ह्या घरातले पुरुष कधीच शिकणार नाहीत. गुडघ्याचं कारण सांग. (म्हणून तर वर विचारलं. खरंच दुखत असेल तर खोटं बोलल्यासारखंही होणार नाही.)

आणखी एक : घरी अजून सांगितलेलं नाही, पण मी रुजू होणार, आणि त्या पहाटे स्वयंपाक करून ठेवणार नाही. श्रावणातला दिवस आहे, उपास तसाही घडतोच. सोमवार, चार ऑगस्ट.