लग्न होऊन जाऊ दे, मग तपासू

४ नोव्हें.
डोणगावला दादाकडे. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ओट्यावर बसलेला. पोटावरची पिशवी टॉवेलखाली. वर्षभर रक्त पडत होतं, मूळव्याध समजून पुड्या खात राहिला. निघाला आतड्याचा कॅन्सर. डॉक्टरांनी मला आणि सुभाषला समोर बसवून सांगितलंय, सख्ख्या भावंडांनी दुर्बिणीनं आतडं तपासून घ्या, काही दुखत नसलं तरी. आज तो विषय काढला, तर सुभाष गाडी काढायला उठला. धाकटा आहे म्हणून किती चालवून घ्यायचं?

१२ नोव्हें.
सरकारी कॅन्सर तपासणी शिबिर. तोंड पाहिलं, छाती पाहिली. तिथल्या नर्सला आतड्याचं विचारलं.
"ते इथं नाही होत, मावशी. काही त्रास आहे का?"
"नाही."
"मंग काऊन?"
त्रास नाही म्हणूनच, बाई. दादाला त्रास झाला तेव्हा उशीर झाला होता. अकोल्याची वेळ घेतली.

१९ नोव्हें.
अकोला. कालचा दिवस जुलाबाच्या औषधात गेला. आज दुर्बीण. हरभऱ्याएवढी गाठ होती, तिथंच काढली. तपासायला पाठवलीय.

२७ नोव्हें.
रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, पण राहिली असती तर पुढे झाला असता अशी गाठ. हे म्हणाले, "म्हणजे काईच नाही निघालं. उगाच धावपळ."
गाठ निघाली ना! डोकंच फिरलं. जेवले नाही.

२ डिसें.
सुभाषला फोन. त्याच्या पोरीच्या लग्नाची बोलणी चाललीत.
"पूजाचं जमून राह्यलं, ताई. पोराकडच्याईले घरात कॅन्सर हाय म्हणून कळलं, तर हात जोडतीन. लगन होऊन जाऊ दे, मंग तपासू."
दादाचं काय सांगितलं त्यांना? अपेंडिक्स. सख्ख्या भावाचा आजार लपवतो. वर मलाच म्हणे, "तू तुयं पाय, माह्यं मी पायतो."

७ डिसें.
सुभाषच्या बायकोचा फोन. रेखा हळू आवाजात बोलत होती. "ताई, त्याईले रक्त पडून राह्यलं. दिवायीपासून. तुमाले सांगू नोको म्हणतेत."
दिवाळीपासून. आणि मला लग्नाच्या गोष्टी सांगतो.

८ डिसें.
देऊळघाटला सुभाषकडे. आज कुणाचीच भीड ठेवली नाही. सगळं बोलले. पूजा चहा घेऊन आली ती तशीच उभी. पोरीला खरं काही माहीतच नव्हतं.
सुभाष म्हणाला, "झालं तुयं समाधान?"
पूजानं कप खाली ठेवले. "बाबा, माह्या लग्नासाठी थांबले का तुमी?"
तो उठला आणि मळ्यात निघून गेला. रेखा रडत बसली. मला रडू नाही आलं. राग एवढा, की...

११ डिसें.
पूजानं त्या मुलाला स्वतःच फोन करून सांगितलं, मोठेबाबांचं, म्हणजे दादाचं, आणि बापाचंही. तो म्हणाला, घरी विचारतो. मग फोन नाही.
सुभाषचा मात्र आला. "तुयामुयं मोडलं."
"अजून मोडलं नाही. आणि मोडलं तर मोडलं. सोमवारची अकोल्याची वेळ घेतलीय, येतो का नाही, ते सांग."
कट.

१४ डिसें., रविवार
जुलाबाचं औषध परवाच पोचवलंय. रेखा म्हणते, सकाळी पेल्यात घालून दिलं, समोर घेऊन बसलेत. प्यायला का, हे तिला विचारलं तर म्हणाली, "तुमीच इचारा."
मुलाकडून अजून काही नाही.
आत्ता मीच लावला सुभाषला. उचलला. म्हटलं, "मले शिव्या देजो. वाट्टेल त्या देजो. पण उद्या अकोल्याच्या गाडीत बसून दे."