पडद्याच्या डाव्या बाजूला मी

२६ जानेवारी १९८६, रविवार. सकाळी.
आजपासून राग बंद. कंपनीच्या डॉक्टरने बीपी बघून सांगितलं, दामाजी, तुम्ही फार चिडता. मी शांतपणे सांगितलं की मी चिडत नाही, लोक चिडवतात. त्याने परत बीपी घेतलं. आणखी वाढलेलं. मशीन खराब असणार. तरी संकल्प केलाय.
संध्याकाळी माझा पिक्चर. नाथाने, म्हणजे माझ्या बायकोच्या, जनीच्या धाकट्या भावाने, डोंबिवली वेस्टला व्हिडिओ सेंटर काढलंय. ‘दख्खन की तलवार’ची कॅसेट मिळाली म्हणाला. टीव्ही आणि व्हीसीआर घेऊन स्वतः येणार आहे.
लग्न झाल्यापासून सासरच्यांना सांगतोय. शेवटच्या लढाईत दुश्मनाच्या सरदाराला हत्तीवरून पाडणारा भालेवाला म्हणजे मी. पासष्ट साली शूटिंग ठाकुर्लीच्या पलीकडे, खाडीकाठी झालेलं. आमच्या गावांतली पोरं शिपाई म्हणून घेतलेली. डायरेक्टर स्वतः माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, हा असली मारतो, याला पुढे घ्या. दुसऱ्या दिवशी बोलावलं नाही. एका दिवसातच माझं काम संपलं. पिक्चर लागला तेव्हा मी काविळीने पडलेलो, नंतर तो कुठे लागलाच नाही.
नवीन शर्ट घालावा का? घालतो.

२७ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.
संकल्प आजपासून धरायचा. काल सुट्टी होती.
काल अख्खा मजला आमच्याकडे. आमच्या पोरीने, शेवंतीने, शाळेतल्या मैत्रिणी आणलेल्या. जनीने बटाट्याची भजी केली. लढाई आली. हत्ती आला. म्हणजे सोंड आली, मग नुसतं पोट, मग शेपटी. सरदार आपला आपण पडला, स्टुलावरून माणूस पडतो तसा. मी नाही. नाथाने रिवाइंड केलं. तरी मी नाही.
नाथा म्हणाला, “भावोजी, तुम्ही हत्तीच्या आत होता का?”
सगळे हसले. मीही हसलो. मग माझा हात गेला. हळूच लागलेला, पण नाथाचा पुढचा दात पडला. मशेरी लावतो, हिरड्या कमजोर असणार. जनी मधे आली आणि तिचं कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं. तिला कोणी ढकललं नाही. मधे यायची गरज नव्हती.
भजी तशीच उरली.

३० जानेवारी, गुरुवार.
उलगडा झाला. सकाळपासून एकच सीन डोक्यात. दोन राजे तहाचं बोलतात. एक राजा पूर्ण दिसतो, दुसऱ्याचं फक्त नाक. नाक प्रश्न विचारतं, राजा उत्तर देतो. असं कोण शूटिंग करेल? कंपनीत ड्रॉइंग सेक्शनच्या सखारामला विचारलं. त्याने पेन्सिलीने काढून दाखवलं. सिनेमास्कोपचा पिक्चर लांबच लांब, टीव्ही चौकोनी. मग कॅसेट बनवताना दोन्ही बाजू कापतात.
म्हणजे मी आहे. मी कापलेल्या भागात आहे.
घरी येऊन जनीला ड्रॉइंग दाखवलं. ती एका हाताने पीठ मळत होती. म्हणाली, कोपर दुखतंय. मी म्हटलं, माहेर कोपरला आणि दुखणंही कोपराचं. हसली नाही. हल्ली विनोद कळत नाही तिला.

२ फेब्रुवारी, रविवार. डाव्या हाताने लिहितोय.
नाथाच्या सेंटरवर शांतपणे समजवायला गेलेलो. सोबत ड्रॉइंग. मागणी एवढीच की बोर्ड लाव: ‘या कॅसेटमध्ये दोन्ही बाजू नाहीत’. नाथाचा जबडा सुजलेला, त्यामुळे नीट बोलता येत नव्हतं, तरी बोलला. म्हणे घरी माणसं पाय पसरून बघतात, पाहिजे तिथे थांबवतात, थेटरात ढेकूण चावतात. बाजूंचं कोणाला पडलंय. बाजूला असतं कोण?
मी आणखी एकदा शांतपणे सांगितलं. मग स्टूल काउंटरच्या काचेवर गेलं. स्टूल माझ्या हातात होतं हे मी नाकारत नाही. नाथाने अँटेनाची नळी काढून माझ्या पाठीत घातली. मी त्याच्या माणसाला मानेला धरून भिंतीवर दाबला. त्याचा चेहरा निळा झाला तेव्हा कळलं, तो त्याचा माणूस नाही, कॅसेट परत करायला आलेलं गिऱ्हाईक आहे. सोडला. लगेच सोडला. काचेत माझा उजवा तळहात फाटला. काउंटरवर, कॅसेटींवर, ड्रॉइंगवर, सगळीकडे रक्त.
चौकीत हवालदाराने आम्हा दोघांना एकाच बाकावर बसवलं. कारण विचारलं. मी सिनेमास्कोप समजावून सांगितला. त्याने विचारलं, किती घेतली? मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही. माझा राग शुद्ध आहे. असं मी म्हणालो नाही, आता सुचलं.

५ फेब्रुवारी, बुधवार.
सासूबाई आल्या. हौसाबाई बोलतात कमी, बघतात जास्त. मी जनीला चहा टाकायला सांगितला. हौसाबाई म्हणाल्या, “पोराचा दात परला न् तुमी चा मांगताव, जावईबापू?”
मी ड्रॉइंग काढायला उठलो. त्यांनी जनीची पिशवी उचलली. जनी आणि शेवंती त्यांच्याबरोबर कोपरला गेल्या. जाताना जनी म्हणाली, माफी नुसती तोंडाने नको, तुमचा हात आवरलेला मला दिसला पाहिजे. मी म्हटलं, दिसेल. हात पट्टीत आहे.
थोडे दिवस माहेरी गेलेलं बरं असतं. मलाही शांतता मिळेल.

८ फेब्रुवारी, शनिवार.
भात करपला. पातेलं गॅलरीतून खाली पडलं. बऱ्यापैकी लांब पडलं, समोरच्या बिल्डिंगच्या गेटपर्यंत. खाली कोणी नव्हतं, ते नशीब. पातेल्याचं.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
देव आहे. कल्याणच्या थेटरला ‘दख्खन की तलवार’ लागतोय. नवीन प्रिंट, संपूर्ण सिनेमास्कोप. पोस्टर स्वतः जाऊन बघितलं. पोस्टरवरच्या प्रत्येक तलवारीतून रक्त ठिबकतंय. मन प्रसन्न झालं.
सखारामला कोपरला पाठवला. निरोप असा: सगळ्यांनी एकदा मोठ्या पडद्यावर बघा. मी नसेन तर भर बाजारात नाथाचे पाय धरीन. मी असेन तर नाथाने सगळ्यांसमोर चूक कबूल करायची आणि जनीने घरी यायचं.
जनी कबूल झाली. सखाराम म्हणतो, ती एवढंच म्हणाली की बघूया एकदा काय ते. म्हणजे तिलाही उत्सुकता आहे.

९ मार्च, रविवार. दुपारी १.
तीनचा शो. दाढी केली. नाथा कबूल करेल तेव्हा मी काय म्हणायचं ते पाठ केलंय: जाऊ दे रे नाथा, होतं असं. मग त्याच्या खांद्यावर हात. उजवा. टाके काढलेत.
मन एकदम शांत आहे. सकाळी दूधवाल्याशी झालं ते किरकोळ होतं.

१० मार्च, सोमवार. रजा.
डावा डोळा उघडत नाही. एका डोळ्याने लिहितोय, ओळी वर जातायत.
पहिल्यापासून लिहितो. हौसाबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या आल्या नाहीत. नाथा, जनी, शेवंती आणि मी. मी कडेच्या खुर्चीवर, शेजारी नाथा. मधे दोघी असत्या तर बरं झालं असतं, पण त्या मधे नव्हत्याच, त्या नाथाच्या पलीकडे बसल्या.
काय पडदा. दोन्ही राजांना तोंडं होती. नाक ज्याचं होतं तो चांगला देखणा निघाला. नदी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. लढाई सुरू झाली आणि खुर्च्या हलायला लागल्या. घोडे उलटत होते, हात तुटत होते, एकाच्या गळ्यातून बाण आरपार. रक्त पडदाभर. नाथाने खुर्चीचा दांडा घट्ट धरलेला. मी हळूच म्हटलं, हे घरी दिसतं का? तो म्हणाला, नाही दिसत. सरळ म्हणाला.
मग मी आलो. डाव्या बाजूला. दोन मजल्यांएवढा.
शेवंती म्हणाली, “बाबा.”
हातात भाला. माझ्या मागून हत्ती गेला. तिकडे उजव्या टोकाला हिरोने बाण मारला, सरदार पडला. मी वळूनसुद्धा बघितलं नाही. मी कामात होतो. खाली चिखलात एक माणूस पडलेला, त्याला मी भाल्याच्या दांड्याने मारत होतो. त्याच्या डोक्याला भगवं पागोटं. माझ्या डोक्याला पण भगवं. आमच्याच बाजूचा.
लोक हसले. त्याने हात वर केला. मी हातावर मारलं. ते कमी हसले. ढोल वाजला, आमचं सगळं सैन्य पुढे गेलं, मी तिथेच. तो पोटाशी पाय घेऊन गोळा झाला. मी मारतोय. कोणी हसत नव्हतं. माझं तोंड एवढं मोठं दिसत होतं की लपायला जागा नाही. खालचा ओठ दाताखाली, डोळे बारीक. असं तोंड मी आरशात कधी बघितलेलं नाही.
जनी म्हणाली, “हा मला माहीत आहे.”
मला नाही, शेवंतीला म्हणाली. शेवंती म्हणाली, मला पण.
तेवढ्यात मागून कोणी बोललं, ये कौन पागल है. मी खुर्ची ओलांडून गेलो. त्याच्याबरोबर मित्र होते ते अंधारात दिसले नाहीत. मी चौघांना पुरून उरलो असं म्हणता येईल. एकाने डोकं खुर्चीवर आपटलं, माझं. दुसरा बरगडीत लाथा घालत होता. मी हात वर केला तर हातावर मारलं.
मला ओढून काढलं ते नाथाने. दोन ठोसे त्यालाही बसले. बॅटरीवाल्याने आम्हाला बाहेर घातलं. फुटपाथवर नाथाने स्वतःच्या रुमालाने माझं तोंड पुसलं. मी पाठ केलेलं बोललो: जाऊ दे रे नाथा, होतं असं. जनी आणि शेवंती रिक्षात बसलेल्या. तो जाऊन त्यांच्याबरोबर बसला.
विचार करता असं वाटतं, त्या माणसाचं पागोटं हिरवं असणार. जुन्या प्रिंटमध्ये रंग उडतात.
प्रिंट नवीन होती.

१२ मार्च, बुधवार.
परत गेलो. एकटा. दुपारचा शो, थेटर जवळजवळ रिकामं. वाटलं, त्या दिवशी मी घाईत बघितलं असेल.
तसंच आहे सगळं. या वेळी माझ्याकडे नाही बघितलं, खालच्याकडे बघितलं. कोण असेल? आमच्या गावचा की पलीकडचा? तोंड चिखलात आहे. बोलत असावा काहीतरी, ओठ हलतात, पण वर ढोल आहे. मला तो दिवस आठवतो, हत्ती आठवतो, डायरेक्टरचं बोट आठवतं. हा आठवत नाही.
तो उठला की नाही ते दाखवलेलं नाही. त्याआधीच सीन बदलतो. डोअरकीपरला विचारलं, पुढचं कापलंय का? तो म्हणाला, एवढंच आहे, साहेब.

१५ मार्च, शनिवार.
उद्या कोपरला जातो. काय बोलायचं ते ठरवलंय. पहिला मुद्दा: तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. दुसरा: डायरेक्टरने सांगितलेलं. तिसरा: मारताना आवाज ऐकू येत नाही.
तिसरा नको. दुसरापण नको. पहिला ठीक आहे, पण मग आत्ता मी किती वर्षांचा आहे ते जनी विचारेल.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी.
गेलो. दार उघडंच होतं. आत खिडकीला चादर लावून टीव्ही चाललेला. हौसाबाईंचं बघायचं राहिलेलं म्हणून नाथाने तीच कॅसेट लावलेली. मी उंबऱ्यावर थांबलो. लढाई चालू होती.
जनी भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेली. मांडीवर सुपात शेंगा, फोडून खात होती. आमच्या घरी मी तिला अशी बसलेली बघितली नाही. शेवंती तिच्या खांद्यावर डोकं ठेवून. सोंड आली, पोट आलं, शेपटी आली. दोघींपैकी कोणी हललं नाही. टीव्ही छोटा, लढाई पण छोटी. रक्त शाईच्या डागाएवढं.
हौसाबाईंनी विचारलं, “यात जावई कवा दिसतं?”
नाथाला मी दिसलेलो. माझ्याकडे बघत तो म्हणाला, “यात नाहीत, आई. यात बाजू कापल्यात.”
“बरा झाला,” हौसाबाई म्हणाल्या.
सरदार पडला. आमचं सैन्य जिंकलं.
मी विचारलं, आत येऊ का? जनीने वळून बघितलं. आधी माझ्या हातांकडे, मग डोळ्याच्या सुजेकडे. म्हणाली, “आज नको.”
मी म्हटलं, बरं. आवाज न चढवता म्हटलं. शेवंती उठून दारापर्यंत आली, मूठभर शेंगा दिल्या आणि परत जाऊन बसली.
चालत घरी आलो. वाटेत कोणाशीही भांडण झालं नाही. कोणी भेटलं नाही.