मानेचा व्यायाम आणि पूनमचं स्थळ

चि. सौ. सोनाबाई हिला सोलापूरहून आक्काचे पोटभर आशीर्वाद.

हरिबा पाव्हण्यांचा गुडघा कसा आहे? तुझ्या सासूबाईंना झोप लागते का? धाकट्याचा खोकला हटला का? काळी शेळी व्यायला झाली होती, ती सुटली का नीट? माझं विचारशील तर जीव थाऱ्यावर नाही. फोनच केला असता, पण आमचा सिद्धराम फोन स्पीकरवर टाकतो आणि माझ्याआधी गल्लीच ऐकते. म्हणून कागद घेतला.

भाकऱ्या थापून थापून माझ्या मानेचं न् खांद्याचं लाकूड झालं होतं. सून सुकन्या मला व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. (पोरगी एवढीशी, मी तिलाच विचारलं, बाळ, डॉक्टर कधी येणार?) तिनं ना गोळी दिली, ना मलम. म्हणाली, आजी, डोळे मिटून बसा, श्वासाकडे ध्यान द्या आणि मान सावकाश उजवीकडे, मग सावकाश डावीकडे न्या. ओढ लागली की थांबा, रेटू नका. मध्ये बोलू नका. आणि वर-खाली मान सध्या अजिबात नको. आपण जन्मभर सगळं रेटूनच केलं की गं, सावकाश म्हणजे काय ते मला ह्या वयात शिकावं लागलं. पण खरं सांगते, लई गुण आहे. मान आतून लोण्यासारखी सैल होते.

तर मंगळवारी सकाळी अंगणात बसले होते. केस मोकळे (न्हाले होते, वाळायला सोडले होते), डोळे मिटलेले, श्वास खोल, मान डुलतेय. तेवढ्यात आमचा पुतण्या धुळा आला आणि त्याला वाटलं, मायाक्का देवीच माझ्या अंगात आली! बायकोला, शेजारणींना हाका मारून गोळा केलं. मूठभर भंडारा माझ्यावर उधळला, अर्धा कपाळावर, अर्धा नाकात. मी श्वासाकडे ध्यान देतेय आणि श्वासात हळद! त्यानं हात जोडले. "आई, आमच्या पोरीचं, पूनमचं लगीन मोडनिंबच्या बिरुदेवासंगं लावायचं का?" आणि माझी मान नेमकी उजवीकडून डावीकडे निघालेली.

"नको म्हणती की वो!" धुळाची बायको रडायलाच लागली.

मी डोळे उघडून ओरडले, "आरं मुडद्या, व्यायाम हाय त्यो!" तर म्हणतो, "काकू, अंगात येऊन गेल्यावर माणसाला आठवत न्हाय." आता सांग, कुठं डोकं फोडू? डॉक्टरीणबाईंचा कागद दाखवला, तर त्यालाही हळद लावून देव्हाऱ्यात ठेवला.

बिरुदेव म्हणजे तुझ्या मालकांचा, हरिबा पाव्हण्यांचा सख्खा भाचा, स्थळ तू आणलेलं. रविवारी धुळा तिकडे नकार कळवणार. तुझ्या सासरी तुला काय काय ऐकावं लागेल, ह्या विचारानं घास उतरत नाही, आणि काळजीनं मान पुन्हा आखडली.

तुझी आक्का,
महानंदा

ता. क. तू शनिवारी ये आणि सगळ्यांसमोर मला पुन्हा विचार. मी मान वर-खाली करते. कळ मस्तकात गेली तरी चालेल.

आणखी एक ता. क. पाकीट बंद करणार तेवढ्यात पूनम आली. मानेला तेल चोळता चोळता म्हणाली, "आजी, पोरगा वाईट न्हाय गं. पण नर्सिंगला माझा नंबर लागलाय. दोन वर्षं कोण थांबतंय? तू मान आडवीच हलू दे." बाई, वरचं ते वर-खाली खोडून टाक. आधी बिरुदेवाला एकट्याला गाठून विचार, दोन वर्षं थांबतो का. थांबत असेल तरच ये, आणि मला दोनच गोष्टी विचार: लग्न घाईनं उरकायचं का? हे स्थळ मोडायचं का? दोन्हीला माझी मान आडवी. देवीची माफी मी मागून ठेवलीय.

पत्र आमच्या गल्लीतल्या महिपतीच्या हाती देतेय, तो उद्याच तुमच्याकडून परत निघेल. उत्तर तोंडी सांगू नको, तो एसटीत सगळ्यांना सांगत येतो. त्याला चहा पाज, आणखी एक पाज, पण तू बिरुदेवाला विचारून येईपर्यंत त्याला हलू देऊ नको, आणि लगोलग लिहून धाड.