स्वागताची पाटी

मी, श्रावण शांतवन तायडे, वय एकाहत्तर, धर्म ख्रिस्ती, धंदा मंडप-डेकोरेशन, राहणार चांदूर बाजार, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहितो. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणायला माणसाला आधी घरी यावे लागते, आणि माझा मुलगा अमोल अकोल्यात लोकांची लग्ने थाटण्यात गुंतलेला आहे.

१. गोदामातील कनाती, खांब, खुर्च्या, सिंहासने आणि थर्माकोलचे राजवाडे अमोलला द्यावेत. त्यालाच ते शोभतात. मी हयातभर असे राजवाडे संध्याकाळी उभे केले आणि सकाळी ट्रकमध्ये कोंबले. रात्री सिंहासनावर बसलेला नवरदेव सकाळी चहासाठी ताटकळताना पाहिला. अमोल म्हणतो, "बाबा, तुमचा देव मजा करू देत नाई." अरे पोट्ट्या, मजा तर आपणच भाड्याने देतो! तिचे पडदे मी धुतले आहेत. तर्रीचे डाग निघत नाहीत.

२. राहते घर मुलगी मंजुषा हिला. तिने कधी मागितले नाही, म्हणून.

३. ख्रिस्ती कबरस्तानाला लागून असलेला माझा प्लॉट अमोलला लग्नाच्या लॉनसाठी हवा आहे. पाहायला आला तेव्हा म्हणाला, "मधात उंच पडदा लावू, बाबा. नाई तं फोटोत कबरी येतात." त्या कबरींत पहिलीच त्याच्या आईची, माझ्या चंदाची आहे. सख्ख्या आईला पडद्याआड करून परक्यांच्या वराती नाचवणाऱ्या या कलावंताला तिथली मूठभर मातीही मिळू नये. प्लॉट आमच्या चर्चच्या मंडळीला द्यावा, कबरस्तान वाढवण्यासाठी. अमोललाही तिथे जागा मिळेल, पण आडवी.

४. राहिली 'हार्दिक स्वागत' ही पाटी. चंदा वारली तेव्हा अमोलने एका लग्नातला मंडप तसाच उचलून आमच्या अंगणात आणला. कमानीवरची पाटी काढायचीही साहेबांना सवड नव्हती. चंदाची पेटी त्या झगमग पाटीखालून निघाली आणि मी खांब उपटायला धावलो. चंदाची बहीण गंगूबाई हिने माझा हात धरला.

"राहू द्या, भाऊजी. बराबरच तं हाये. तिचं तिकडं स्वागतच होऊन राहिलं."

पुनरुत्थानावर इतके उपदेश ऐकले, पण विश्वास बसला तो तेव्हा. मी रडत होतो आणि मला आनंद होत होता. तसा आनंद मला कुठल्याच लग्नात कोणाला देता आला नाही, आणि तो अजून उतरलेला नाही. प्रभूने तो पोचवायला माझ्या बेफिकीर पोराचीच चूक निवडावी, याचा मला अजून राग येतो.

५. माझ्या मातीला मंडप, जेवणावळ, ड्रोन काही नको. फक्त ती पाटी कबरस्तानाच्या फाटकावर बांधावी. अमोलने स्वतः शिडीवर चढून बांधावी, मजुराला पाठवू नये. वरून आईची कबर दिसते. या सगळ्याची अंमलबजावणी गंगूबाईने करावी. तिला तो घाबरतो.

अमोल, आपल्या धंद्यात बांधलेले सगळे दुसऱ्या दिवशी सोडावे लागते. ही पाटी सोडू नको.

लिहून देणार: श्रावण शांतवन तायडे (सही)

साक्षीदार:
धम्मदीप इंगळे, आमचा वायरमन (सही). वाचून म्हणाला, "काका, पोरावर लय कडक झाले." तरी सही केली.
उत्तमराव भटकर, शेजारी (सही). वाचले नाही.

चांदूर बाजार, ईस्टरनंतरचा सोमवार, २१ एप्रिल २०२५