ट्रॉम्बोनच्या पेटीतलं केळं

केंट,
रविवार, २९ सप्टेंबर

ती. ऑड्रेताईस,

धाकट्या डग्लसचा वाकून नमस्कार (वाकलोय ते मनातल्या मनात, कमरेला डॉक्टरांची मनाई आहे). तुझा गुडघा, तुझं मांजर आणि परसातले तुझे कोबी सगळे ठणठणीत असतील, अशी आशा करतो. क्लेमंटदाजींना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांच्या मयतीनंतर नाताळच्या कार्डावर सही करण्यापलीकडे मी तुला एक ओळ लिहिली नाही, हे मला कळतं. प्लंबरच्या हातात पाना शोभतो, पेन शोभत नाही, ही सबब मी पन्नास वर्षं वापरतोय आणि तू ती पन्नास वर्षं मानून घेते आहेस. आता एवढं जाड पाकीट बघून ‘याचं काहीतरी काम असणार’ असं तू मांजराला म्हणाली असशील. तसं काही नाही. सहज लिहितोय.

तू लग्न करून यॉर्कशरला गेलीस आणि सुटलीस. तुमच्याकडे पोर दहा वर्षांचं झालं की त्याला मोठे बूट घेतात. आमच्या गावात त्याला परीक्षेला बसवतात. टेकडीवरची तुझी ग्रामर शाळा, पास झालेल्या हुशारांची, अजून आहे तिथेच आहे, आणि खाली कालव्यापाशी आम्हा उरलेल्यांची शाळाही आहे तिथेच आहे. देशात बहुतेक ठिकाणी हा प्रकार कधीच बंद झाला, पण आमच्याकडे तो लोणच्यासारखा मुरलाय. सप्टेंबरातल्या एका सकाळी पोरांनी पेन्सिलीने रकाने भरायचे आणि त्यावरून ठरणार की कोण टेकडी चढणार आणि कोण कालव्याला जाणार. आमची टॅबिथा (रोवीनाची मुलगी गं, दाजींच्या मयतीच्या दिवशी सँडविचमधली काकडी काढून खिशात भरत होती ती) यंदा त्या परीक्षेला होती.

आता परीक्षा म्हटली की शिकवणी आली, यात लाजण्यासारखं काय आहे? पण या गावात शिकवणी लावणं म्हणजे चोरी. सगळे लावतात आणि कोणी लावत नाही. शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी उभं राहून ऐकावं. ‘छे गं, आम्ही काही म्हणजे काही करून घेत नाही, लागला नंबर तर लागला!’ ‘आमचंही तसंच बाई, बालपण महत्त्वाचं!’ आणि ज्या दोघी हे बोलतात, त्या दोघींची पोरं गुरुवारी संध्याकाळी मिसेस पार्जिटर यांच्याच बंगलीत, चार ते पाच आणि पाच ते सहा. या मिसेस पार्जिटर म्हणजे निवृत्त शिक्षिका, वय माझ्याएवढं, आवाज माझ्या दुप्पट. त्यांच्याकडे नाव घालायला पोर पाळण्यात असतानाच जावं लागतं. गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावायची, पोराने पुढच्या दाराने आत जायचं आणि परसदाराने बाहेर पडायचं, म्हणजे चारची पोरं आणि पाचची पोरं एकमेकांना दिसत नाहीत. ताकाला जाऊन भांडं लपवायचं कसं, हे शिकायचं असेल तर आमच्या गावी यावं.

रोवीनाला फाटकापाशी कोणीतरी विचारलं, टॅबी गुरुवारी कुठे जाते गं? माझ्या लेकीच्या तोंडून निघालं, ‘ट्रॉम्बोन शिकायला.’ ट्रॉम्बोनच का, असं मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, ‘बाबा, पियानो म्हटलं की पुढचा प्रश्न येतो कितव्या परीक्षेला बसली. ट्रॉम्बोनबद्दल पुढचा प्रश्न कोणालाच सुचत नाही.’ पोरगी हुशार आहे, तुझ्यावर गेलीय. मग ती थाप पक्की करायला तिने जुन्या बाजारातून ट्रॉम्बोनची एक काळी पेटी आणली. नुसती पेटी. आत सरावाच्या प्रश्नपत्रिका, चार पेन्सिली, खोडरबर आणि मधल्या वेळचं केळं. नोकरीमुळे रोवीनाला आणि जावईबापूंना दुपारी सवड नाही, तेव्हा ही पेटी आणि ही नात पोचवायचं काम दीड वर्ष माझ्याकडे होतं. मीही ती पेटी जड असल्यासारखी वाकून उचलायचो. माणूस थाप मारायला लागला की हळूहळू त्याला त्यात गोडी वाटायला लागते, ताई.

पहिले काही महिने मी गाडीतच बसायचो. मग एकदा धो धो पावसात मिसेस पार्जिटरनी काच ठोठावली आणि म्हणाल्या, ‘मिस्टर टिंडॉल, आत या, पण आत आलात तर गप्प बसायचं नाही, पेपर सोडवायचा.’ तर पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर मी पुन्हा त्या परीक्षेला बसलो. पहिलाच प्रश्न: फावडं, दाताळं, खुरपं, बादली, यातलं वेगळं कोणतं? मी म्हटलं, कोणतंच नाही, चारही माझ्या एकाच शेडमध्ये आहेत. मिसेस पार्जिटरनी मोठा सुस्कारा टाकला. टॅबीने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, ‘आजोबा, विचार नाही करायचा. खूण करायची.’ मला शंभरात एकेचाळीस पडले. (साठ साली किती पडले होते ते आपल्याला कोणी सांगितलंच नाही. बहुधा मी प्रगती केली असावी.) नंतरच्या गुरुवारी त्रेचाळीस आणि त्यानंतर एकोणचाळीस. टॅबी नव्वदीला पोचायची, मधेच सत्तरला घसरायची, आणि घरी गेल्यावर आईने विचारलं की ‘बरं गेलं’ म्हणायची. गाडीत मात्र ती माझे चुकलेले प्रश्न मला समजावून सांगायची. एवढ्या मायेने मला कोणीच कधी शिकवलं नव्हतं, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी गाडी भलत्याच गिअरमध्ये घालायचो.

मेमध्ये एक गंमत झाली. वेळेचा काहीतरी घोळ झाला आणि परसदाराच्या बोळात माझी मिस्टर ऑटवेंशी समोरासमोर गाठ पडली. हे ऑटवेही गावातलेच, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांचा मुलगा बार्नबी गुरुवारी तलवारबाजी शिकतो. खांद्यावर तलवारींची लांब पिशवी आणि हातात ती जाळीची टोपी. माझ्या हातात ट्रॉम्बोनची पेटी. बोळ इतका अरुंद की कोणीतरी एकाने मागे सरावं. पाऊस असा कोसळत होता की बोलायची सोय नाही. ऑटवे म्हणाले, ‘हवा छान आहे.’ मी म्हटलं, ‘आज बरी म्हणायची.’ त्यांच्या पिशवीचं तोंड उघडं होतं आणि आतून गणिताचं पुस्तक डोकावत होतं. माझ्या पेटीतून केळ्याचा वास येत होता. दोघांनी एकमेकांना टोपी काढून वाट दिली आणि पुढे महिनाभर दुकानात भेटलो की आम्ही फक्त टोमॅटोंबद्दल बोलायचो.

आता खरा घोळ सांगतो. परीक्षा होऊन तीन दिवस झाले नाहीत तोच शाळेच्या मुख्याध्यापिका मिस क्विल यांची चिठ्ठी घरी आली. शाळेत सुगीची प्रार्थना असते ना, भोपळे आणि डबाबंद घेवडा मांडून, ती यंदा अकरा ऑक्टोबरला आहे. तर ‘टॅबिथा गेलं दीड वर्ष ट्रॉम्बोन शिकते आहे हे कळून आनंद झाला, तिने त्या दिवशी एक स्तोत्र वाजवावं.’ रोवीनाने चिठ्ठी दोनदा वाचली. मी म्हटलं, खरं सांगून टाक. तर म्हणते, ‘बाबा, मग गावात खोटी मी एकटीच ठरेन!’ आणि तिने होकार कळवला. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी बघावं तर सगळ्या आया मुक्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. हळूहळू बाहेर आलं की चिठ्ठ्या आठ घरी गेल्यात. बार्नबी ऑटवेने भोपळ्यांमध्ये तलवारबाजी करून दाखवायची आहे. एकीने वीणा वाजवायची आहे. एका पोराच्या आईने ‘ससाणे पाळायला शिकतो’ असं सांगून ठेवलं होतं. ती बाई परवापासून ससाणा शोधते आहे. या मिस क्विल दिसतात गरीब, पण बाई आतल्या गाठीची आहे.

हे सगळं मी तुला हसवायला लिहिलं, आणि इथेच थांबायचं मनात होतं. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय हे पाकीट बंद होणार नाही.

परीक्षेच्या दिवशी टॅबीला मीच आणायला गेलो. ती गाडीत बसली, पट्टा लावला, चिप्सची पुडी मांडीवर ठेवली आणि उघडली नाही. कालव्याच्या पुलावर लाल दिवा लागला तेव्हा तिने विचारलं, ‘आजोबा, तू नापास झालास तेव्हा घरचे तुझ्याशी पहिल्यासारखे बोलायचे?’ मी म्हटलं, हो तर, आमचे बाबा काय राक्षस होते का. ती म्हणाली, ‘म्हणजे बोलायचे नाहीत.’ दीड वर्ष मी तिच्यादेखत थापा मारतोय. माझा आवाज तिला पाठ झालाय.

मग मी पुलापलीकडे गाडी लावली आणि तिला सांगितलं, जे मी आजवर रोवीनालाही सांगितलेलं नाही. तुला ते माहीत आहेच. तू पास झालीस तेव्हा बाबांनी तुला ती हिरवी सायकल घेतली होती. दोन वर्षांनी माझी पाळी आली. मीही पास होणार या भरवशावर त्यांनी निळी सायकल आधीच आणून कोळशाच्या खोलीत पोत्याखाली लपवली होती, आणि मी ती रोज जाऊन बघून यायचो. शनिवारी निकालाचं पाकीट आलं. बाबांनी वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, टोपी घातली आणि मागच्या फाटकाने ती सायकल हाताने ढकलत दुकानात परत नेली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो. ते रागावले नाहीत, मारलं नाही. त्या दिवसापासून ते माझ्याशी जरा सांभाळून, पाहुण्याशी बोलावं तसं बोलायला लागले, ते शेवटपर्यंत. आणि सोमवारी तू म्हणालीस की तुझ्या सायकलीच्या चाकातली हवा गेलीय. तू ती खोलीत ठेवलीस आणि शाळेच्या त्या भयंकर हॅटसकट दोन मैल टेकडी चालत गेलीस. मंगळवारीही. पूर्ण वर्षभर. ताई, मी पहिल्याच दिवशी चाक दाबून बघितलं होतं. ते दगडासारखं टणक होतं.

मी तुला हे कधी बोललो नाही. आधी राग होता तुझ्यावर, पास झाल्याचा. मग लाज वाटली, मग तू यॉर्कशरला गेलीस आणि मग चौसष्ट वर्षं झाली. तू चालत गेलीस म्हणून मी त्या वर्षी मोडलो नाही. आभार मानायला उशीर झालाय, पण मानतो.

टॅबीने सगळं ऐकून घेतलं, चिप्सची पुडी उघडली आणि अर्धी मला दिली. मग म्हणाली, ‘ऑड्रेआजी भारी आहे. तिला बोलाव ना.’

मांजराला आणि कोबीला आशीर्वाद. गुडघ्याला कढत पाण्याचा शेक दे, थंड नको.

तुझा,
डग्लस

ता. क. १: सहज लिहिलं म्हणालो ते पूर्ण खरं नाही. दाजी बँडमध्ये वाजवायचे तो ट्रॉम्बोन तुझ्या कपाटावर असतो ना? तो हवाय. अकरा तारखेच्या आत. पार्सलने नको, आपटेल. तू स्वतः आगगाडीने घेऊन ये आणि त्याला खिडकीची जागा दे. आमच्याकडे पेटी आहेच.

ता. क. २ (सोमवार संध्याकाळ): पाकीट चिकटवणार तोच टॅबी शाळेतून आली. सकाळी तिने मिस क्विलच्या खोलीत जाऊन पेटी टेबलावर ठेवली, उघडली, केळं दाखवलं आणि म्हणाली, मला ट्रॉम्बोन येत नाही. मिस क्विल म्हणाल्या, ‘मला माहीत आहे. आठांपैकी पहिलं कोण येतं ते बघत होते.’ सुगीला आता आठही पोरं नुसती गाणार आहेत. रोवीना तासभर रडली, मग फाटकापाशी भेटणाऱ्या सगळ्या आयांना फोन लावून लावून खरं सांगितलं, आणि आता ती ससाणावाली बाई तिची जिवलग मैत्रीण झाली आहे. तेव्हा ट्रॉम्बोनची गरज उरलेली नाही. तरी आण. टॅबीने मिस क्विलना ‘येत नाही’च्या पुढे ‘अजून’ असंही सांगून ठेवलंय.

ता. क. ३: खरं काम हे. निकाल सतराला दुपारी चार वाजता येतो, आता पाकिटाऐवजी फोनवर. त्या वेळी तू आमच्या टेबलापाशी बसलेली हवी आहेस. मी केक आणतो. एक पास झालेली म्हातारी आणि एक नापास झालेला म्हातारा एकाच ताटलीतून केक खातायत, एवढं तिला फोन बघायच्या आधी दिसलं पाहिजे. बाकी काय लागायचं ते लागो.

ता. क. ४: सायकल घेतली. निळी. शेडमध्ये लपवणार होतो, पण मला ते जमलं नाही. आत्ताच दिली. गल्लीत चकरा मारतेय, आणि निकालाला अजून सतरा दिवस आहेत.