शेंदराखालचं हरीण

सोलापूर, १५ मार्च, रविवार संध्याकाळ

जेवायची इच्छाच नाही. सांगोल्याकडच्या डोंगरातल्या कपारीत आदिमानवानं काढलेलं चित्र बघून यायचं, म्हणून गेलो होतो. पळणारं हरीण, मागे धनुष्य ताणलेला शिकारी. हरणाचा पुढचा पाय उचललेला. त्या एका पायासाठी मी दरवर्षी जातो. फोटोत तो कधी नीट आलाच नाही, आत अंधार असतो.

आज चित्रच नाही! भिंतभर तेलात कालवलेला शेंदूर, वर चांदीचे डोळे चिकटवलेले. मेंढरं राखणाऱ्या सखूमावशी समोर नारळ फोडत होत्या.

“मावशी, हे कुणी केलं?”

“आमीच की. धनुष्यवाला देव हाय त्यो. असा उघडा किती दिस ठिवायचा?”

किती मायेनं म्हणाल्या! कुणी मुद्दाम नासधूस केली असती, तर भांडलो तरी असतो. आता खरवडलं, तर शेंदराबरोबर चित्रही जाणार.

भिंत चाचपत राहिलो. तो पाय कुठे होता? इथे? की जरा खाली?

“पाया पडताय व्हय? वाईच खाली वाका की.”

वाकलो. डोळे मिटले. तो पाय आठवेना. चांदीचे डोळेच दिसत राहिले. अजूनही तेच दिसतायत.